स्मृतिभ्रंशाची शुश्रूषा आणि तिचा हिशेब

म्हाताऱ्या माणसाने एकच गोष्ट तिसऱ्यांदा सांगितली की ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून हसून सोडून देण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. घरातली सासू आणखी दोन वर्षांनी जेवून हात धुतल्यावर शेजारणीकडे जाऊन ‘सकाळपासून पोटात अन्न नाही’ असे सांगू लागली, म्हणजे हसण्याची जागा संताप घेतो. सुनेची गावभर बदनामी होते, मुलगा आईवर ओरडतो आणि अखेर ‘म्हातारचळ लागला’ एवढ्या निदानावर घरादाराचे एकमत होते. या शब्दात आजाराची कल्पना नाही. आचरणाची निंदा मात्र आहे. ज्याला चळ लागला त्याने तो सोडावा, अशी अपेक्षा त्यात गृहीत असते. ती पुरी होणे शक्य नसल्यामुळे घराचा राग दिवसेंदिवस वाढत जातो.

स्मृतिभ्रंश हा शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायात येतो तो क्रोधाने विवेक गमावलेल्या माणसाच्या संदर्भात. आधुनिक वैद्यकाने तो मेंदूच्या पेशी क्रमाक्रमाने नष्ट होत जाणाऱ्या अवस्थेसाठी योजिला आहे. आलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टराने १९०६ साली आपल्या एका दिवंगत स्त्री-रुग्णाच्या मेंदूत आढळलेले बदल विद्वानांच्या सभेपुढे मांडले, तेव्हा त्या कथनाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. आज त्याच्याच नावाने ओळखला जाणारा विकार हे स्मृतिभ्रंशाचे सर्वांत मोठे कारण मानले जाते. मेंदूच्या रक्तवाहिन्यांतील बिघाड हे त्याखालोखालचे. साध्या विसराळूपणाहून ही अवस्था वेगळी आहे. चष्मा कोठे ठेवला हे विसरणे निराळे आणि चष्मा हातात घेऊन तो कशासाठी असतो हे न कळणे निराळे.

भारतात असे रुग्ण किती असावेत याविषयी पुष्कळ वर्षे अंदाजच बांधले जात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीने हा आकडा साठ वर्षांवरील लोकसंख्येच्या ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख, असा दिला. पुरुषांपेक्षा स्त्रियांत, शहरांपेक्षा खेड्यांत आणि शिकलेल्यांपेक्षा न शिकलेल्यांत हे प्रमाण अधिक असल्याचेही त्या पाहणीत दिसले. वार्धक्याचे आजार म्हणजे पुण्यामुंबईच्या सुखवस्तू वस्त्यांचे प्रश्न, असा जो समज रूढ आहे तो या आकड्यांपुढे टिकत नाही.

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडील शाहूवाडी तालुक्याचा विचार या दृष्टीने करण्याजोगा आहे. कोल्हापूरहून रत्नागिरीला जाणारा रस्ता मलकापूर ओलांडून आंबा घाटाने कोकणात उतरतो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना डोंगर, जंगल, धो धो पाऊस, आणि एकमेकींपासून दूर विखुरलेल्या वाड्या व धनगरवाडे. शाहू छत्रपतींनी १९१७ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा उपक्रम हाती घेतला हे खरे. तरी आज ऐंशीच्या घरात असलेल्या या वाड्यांतील स्त्रियांपर्यंत शाळा क्वचितच पोचली. पुरुषांच्या दोन-तीन पिढ्या मुंबईला गेल्या, गिरण्यांत आणि गोद्यांत राबल्या. १९८२ च्या गिरणी संपानंतर अनेकजण गावी परतले, त्यांची मुले पुन्हा पोटासाठी बाहेर पडली. घरात उरली ती म्हातारी माणसे, शाळकरी मुले आणि सून.

थोडा हिशेब मांडून पाहावा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात साठ वर्षांवरील लोकांचे प्रमाण ९.९ टक्के होते. त्याच प्रमाणाने दोन हजार वस्तीच्या गावात सुमारे दोनशे वृद्ध धरावे लागतील आणि देशाची सरासरी लावली तर त्यांपैकी चौदा-पंधराजण स्मृतिभ्रंशाच्या कोणत्या ना कोणत्या पायरीवर असतील. तरुण माणसे बाहेर गेलेल्या गावात वृद्धांचा वाटा सरासरीहून जास्त असतो, ही बाब यात धरलेली नाही. इतकी माणसे गावात असूनही ‘आमच्याकडे हा आजार नाही’ असे गावकरी प्रामाणिकपणे सांगतात, कारण त्या चौदाजणांची नोंद त्यांच्या मनात आजारी म्हणून झालेलीच नसते.

हे केवळ शाहूवाडीतच घडते असे नव्हे. डोंगर उतरून दक्षिणेला असलेल्या गोव्यात विक्रम पटेल व मार्टिन प्रिन्स यांनी केलेला अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. लोकांना या आजाराची लक्षणे वर्णन करून सांगितली तेव्हा त्यांनी ती तत्काळ ओळखली. मात्र हा आजार आहे असे कोणाला वाटले नाही. काहींनी ते म्हातारपणाचे सहज लक्षण मानले, तर काहींनी त्याचे खापर मुलांच्या हेळसांडीवर आणि घरातल्या माया आटण्यावर फोडले. म्हणजे रुग्णाला चळ लागला असे तरी म्हणायचे, नाही तर घरच्यांनी छळ केला असे तरी. दोन्ही निवाड्यांत कोणाला तरी गुन्हेगार ठरविले जाते आणि डॉक्टराकडे जाण्याचे कारण उरत नाही.

डॉक्टराकडे जावे ते आधी एका साध्या कारणासाठी. स्मृतिभ्रंशासारखी दिसणारी प्रत्येक अवस्था स्मृतिभ्रंश नसते. थायरॉइडची कमतरता, ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, खोल नैराश्य, डोक्याला मार लागून साकळलेले रक्त, एकमेकांशी न जुळणारी औषधे यांनीही माणूस भ्रमिष्ट होतो आणि योग्य उपचारांनी सावरू शकतो. मलकापूर-बांबवड्याकडच्या माणसाने कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयापर्यंत एकदा येऊन ही तपासणी करून घेणे अवघड असले तरी अशक्य नाही. अडचण मनाची अधिक आहे. मनोविकाराचा डॉक्टर म्हटला की या भागात रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाचे नाव आठवते, आणि ते नाव काढणे म्हणजे घराण्याला बट्टा, असे मानणारी माणसे अजून पुष्कळ आहेत.

औषधांच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. १९९६ पासून वापरात आलेल्या डोनेपेझिलसारख्या गोळ्या काही रुग्णांची काही काळ थोडीफार पत राखतात. आजार मागे फिरवीत नाहीत. गेल्या काही वर्षांत परदेशात मान्यता मिळालेली नवी इंजेक्शने अतिशय महागडी असून ती प्रारंभीच्या अवस्थेतील निवडक रुग्णांसाठीच आहेत. आरडाओरडा करणाऱ्या वृद्धाला गप्प बसविण्यासाठी तीव्र मानसोपचारातील गोळ्या देण्याचा सोपा मार्ग अनेक ठिकाणी अवलंबिला जातो. त्यांनी अशा रुग्णांमध्ये मृत्यूचे प्रमाण वाढते असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ सालीच दिला होता. गोळी घराला शांतता देते, पण तिची किंमत म्हातारा मोजतो.

मग उरते काय? उरते ते माणसाने माणसाशी वागणे. आणि गेल्या साठ वर्षांत या वागण्याचेच एक शास्त्र घडत आले आहे.

वागण्याचे शास्त्र

या शास्त्राचा प्रारंभ अमेरिकेत जेम्स फॉल्सम या डॉक्टराच्या खटपटीतून झाला. रुग्णालयातील वृद्धांना दिवस, वार, ठिकाण, समोरच्याचे नाव यांची वारंवार आठवण करून द्यावी, भिंतीवर मोठ्या अक्षरांत ते लिहून ठेवावे, म्हणजे सुटत चाललेले वास्तव हातात राहील, अशी त्यांची कल्पना. ती कल्पना चांगली असली तरी पुढे तिचा अतिरेक झाला. नव्वदीची बाई ‘आई कोठे आहे?’ असे विचारी तेव्हा परिचारिका तिला प्रामाणिकपणे सांगत, ‘तुमची आई चाळीस वर्षांपूर्वी वारली.’ ते ऐकून ती बाई हंबरडा फोडी, तासाभराने विसरे आणि पुन्हा विचारी. एकाच मातेचा मृत्यू त्या मुलीला दिवसातून चारदा सोसावा लागे. नेओमी फाइल या समाजकार्यकर्तीने याला विरोध केला. रुग्णाची चूक दुरुस्त करण्यापेक्षा त्या प्रश्नामागची भावना ओळखून तिला साद द्यावी. ‘आई कशी होती तुमची, काय काय करून घालायची?’ असे विचारावे, हा तिचा आग्रह होता. तिच्या पद्धतीला प्रयोगांचा आधार फारसा भक्कम मिळालेला नाही. पण अशा घरात चार दिवस राहिलेल्या कोणालाही तिचे म्हणणे पटावे असे आहे.

शाहूवाडीच्या उत्तर अंगाला या गोष्टीचा एक निराळाच अर्थ लागतो. चांदोली अभयारण्य १९८५ साली जाहीर झाले, २००४ साली त्याचे राष्ट्रीय उद्यान झाले, आणि त्या जंगलातली गावे उठून दूरच्या वसाहतींत गेली. दिवेलागणीच्या सुमारास ‘मला घरी जाऊ द्या’ म्हणून दाराशी येऊन उभे राहणे हे या आजाराचे जगभर आढळणारे लक्षण आहे. विस्थापित वृद्धाच्या तोंडी ते आले, तर त्याला ‘हेच तुमचे घर’ म्हणून दटावणारा मुलगा सातबाराच्या दृष्टीने बरोबर असतो. म्हाताऱ्याला हवे असलेले घर कोणत्याही नकाशावर उरलेले नसते. अशा वेळी त्याच्याबरोबर अंगणात दोन फेऱ्या मारून, जुन्या गावच्या देवळाची, झऱ्याची, भाताच्या खाचरांची विचारपूस करून त्याला पुन्हा आत आणणे, यालाच उपचार म्हणायचे. शिवाय ज्या तालुक्यात संध्याकाळनंतर गवे रस्त्यावर येतात आणि आषाढात ओढे दुथडी भरतात, तेथे म्हातारा एकटा बाहेर पडणे हा जिवावरचा प्रसंग असतो.

इंग्लंडात ब्रॅडफर्ड विद्यापीठातील टॉम किटवुड यांनी या सर्व विचाराला पाया दिला. १९९७ साली, म्हणजे निधनाच्या आदल्या वर्षी, प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचे सूत्र असे की, रुग्णाची जी अवनती दिसते तिचा काही भाग मेंदूच्या झिजेचा आणि काही भाग भोवतालच्या माणसांच्या वागणुकीचा असतो. त्याच्यासमोर त्याच्याविषयी तो तेथे नसल्याप्रमाणे बोलणे, त्याला लहान मूल समजणे, त्याला झेपणार नाही अशा घाईने कामे उरकणे, खोटे सांगून फसविणे, करता येण्याजोगे कामही हातातून काढून घेणे, अशा वागणुकींची त्यांनी यादीच केली होती. ती वाचताना दुष्ट माणसांचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहत नाही. कामाने पिचलेल्या, मायाळू, साध्या माणसांचे राहते. किटवुड यांनाही तेच म्हणायचे होते.

या विचारातून जे प्रत्यक्ष उपक्रम निघाले त्यांत बोधप्रेरक उपचार हा सर्वांत कसोटीला उतरलेला म्हणता येईल. एमी स्पेक्टर, मार्टिन ऑरेल, बॉब वुड्स आदींनी त्याची परीक्षा घेतली आणि २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. २०१ रुग्ण, आठवड्यातून दोनदा, पाऊण तासाची बैठक, सात आठवड्यांत चौदा बैठका. आणि विषय कोणते, तर बालपण, खाद्यपदार्थ, ताज्या घडामोडी, शब्दांचे खेळ, पैशांचा व्यवहार, चेंडूची फेकाफेक. बरोबर-चूक असे उत्तर मागायचे नाही, मत विचारायचे. सात आठवड्यांनंतर या गटाची बुद्धी आणि जीवनाविषयीचे समाधान ही दोन्ही तुलनेच्या गटाहून बरी आढळली. सुधारणा मोठी नव्हती, पण ती त्या काळच्या गोळ्यांनी होणाऱ्या सुधारणेच्या तोडीची होती आणि तिला साइड-इफेक्ट नव्हते. पुढे चेन्नईच्या ‘स्कार्फ’ संस्थेने तमिळ वृद्धांसाठी या उपक्रमाला स्थानिक रूप दिले.

मराठी रूप द्यायचे झाले तर सामग्रीला तोटा नाही. लिहितावाचता न येणाऱ्या बाईला तारीख आणि इसवी सन विचारून तिची बुद्धी मोजणे चुकीचे आहे. १९७५ साली अमेरिकेत तयार झालेली आणि जगभर चालणारी प्रश्नावली हेच करते, म्हणून हरियाणातील बल्लभगडच्या अभ्यासकांना १९९५ च्या सुमारास निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी वेगळी हिंदी प्रश्नावली घडवावी लागली होती. डोंगरातल्या बाईचे काळाचे भान तिथीवर, सणावर, आठवड्याच्या बाजाराच्या वारावर चालते. अमावास्या होऊन किती दिवस झाले, नागपंचमी कधी, तरवा लावून झाला का, हे प्रश्न तिला कळतात. ज्यांनी चार यत्ता तरी गाठल्या त्या पुरुषांना पावकी-निमकी येते; घरातल्या माणसाचे नाव न आठवणारा वृद्ध एकदा लय सापडली की दीडकीचे पाढे न अडखळता म्हणतो. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली त्यापूर्वीचे आणे-पै, पायलीने मोजलेले धान्य, यांवर पाऊण तास सहज जाईल. आणि चलनवाढीविषयी या मंडळींची मते अर्थशास्त्राच्या पदवीधरांपेक्षा कमी परखड नसतात.

जात्यावरच्या ओव्यांविषयीही हेच सांगता येते. गी प्वातव्हॅं आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या अशाच न शिकलेल्या स्त्रियांच्या मुखातून. संगीताने अशा रुग्णांतील नैराश्य कमी होते असे संशोधनाचे एकंदर सार आहे. परंतु त्यासाठी कॅसेटवरचे कोणतेही गाणे लावून भागत नाही, गाणे त्या माणसाचे असावे लागते. भजनी मंडळात चाळीस वर्षे टाळ वाजविलेल्या म्हाताऱ्याच्या हाती टाळ द्यावा. हरिपाठ तो विसरला असेल, ठेका विसरलेला नसतो. मात्र गावोगावी अनुभव असा की, एकदा त्याने मध्येच भलतेच काही बोलून हसे करून घेतले की मंडळ त्याला बोलाविणे थांबविते. त्याला बोलावीत राहणे हा बिनखर्चाचा उपचार असून तो देणे सर्वस्वी गावाच्या हाती आहे.

येथे उत्साहाला थोडा लगाम हवा. जुन्या आठवणींना उजाळा देण्याची पद्धत अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांच्या १९६३ च्या निबंधापासून रूढ झाली आणि ती सर्वांना आवडते. परंतु रुग्ण आणि शुश्रूषा करणारा नातेवाईक यांना एकत्र बसवून असे वर्ग घेण्याचा ब्रिटनमधील एक मोठा प्रयोग ४८८ जोड्यांवर झाला. २०१२ साली त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा रुग्णांचा लाभ सिद्ध झाला नाही आणि नातेवाइकांची चिंता उलट वाढलेली आढळली. तेथील थकलेल्या मुलीला किंवा पत्नीला आणखी एका कार्यक्रमाचे ओझे झाले असावे, असा तर्क करता येतो. शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीच्या शक्तीचा विचार न करणारा उपचार, तो कितीही प्रेमळ असो, उलटतो.

सुनेचे काय?

म्हणूनच गोव्यात झालेला दुसरा एक प्रयोग शाहूवाडीसारख्या तालुक्याला अधिक जवळचा आहे. १९९८ साली कोचीन येथे जमलेल्या संशोधकांनी ‘दहा-सहासष्ट’ नावाचा गट स्थापन केला. जगातील सहासष्ट टक्के रुग्ण गरीब देशांत असताना त्यांच्यावरील संशोधन मात्र दहा टक्केही होत नाही, ही त्या नावामागची टोचणी. या गटातील अमित डायस व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्याच्या दोन तालुक्यांत ८१ कुटुंबे निवडली. त्यांतील ४१ कुटुंबांकडे गृहशुश्रूषा सल्लागार जाऊ लागले. हे सल्लागार डॉक्टर नव्हते, परिचारिकाही नव्हते. उच्च माध्यमिक शिक्षण, स्थानिक भाषा आणि दुसऱ्याचे ऐकून घेण्याचा स्वभाव ही त्यांची पात्रता. थोडे प्रशिक्षण घेऊन ते सहा महिने, निदान पंधरवड्यातून एकदा, घरी जात. आजार काय आहे ते समजावीत, म्हातारा ओरडू लागला तर काय करावे, आंघोळीला तयार नसेल तर काय करावे ते सांगत, सरकारी योजनांची माहिती देत, आणि गरज पडल्यास मनोविकारतज्ज्ञाची भेट घडवून आणीत.

निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. शुश्रूषा करणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारले आणि रुग्णाच्या वर्तनाने त्यांना होणारा त्रास कमी झाला, हे ठळकपणे दिसले. रुग्णाच्या वर्तनातील फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरण्याइतका नव्हता. म्हणजे म्हातारा बराचसा पूर्वीसारखाच राहिला, पण घरातल्या बाईला तो सोसवू लागला. हे यश लहान वाटत असेल तर त्याच प्रयोगातील दुसरा आकडा पाहावा: अभ्यास चालू असताना ८१ पैकी १८ रुग्ण दगावले. आयुष्याचे अखेरचे काही महिने शिव्याशापांत जावेत की थोड्या शांतपणे, एवढाच पर्याय जेथे असतो तेथे ही सुधारणा सर्व काही असते.

लंडनमध्ये गिल लिव्हिंग्स्टन यांनी केलेल्या प्रयोगातही, मानसशास्त्राच्या साध्या पदवीधरांनी नातेवाइकांना घेतलेल्या आठ शिकवण्यांनी त्यांचे नैराश्य कमी झाले आणि ते कमी राहिले. दोन्हीकडे धडा एकच निघतो. ज्याला उपचार द्यावयाचा तो रुग्ण एकटा नाही.

एकत्र कुटुंब हेच आपले रुग्णालय, असे भाषणांत सांगण्याची प्रथा आहे. त्या रुग्णालयाची परिचारिका कोण, याचा उल्लेख भाषणांत नसतो. शाहूवाडीच्या वाडीतील सून पहाटे शेण काढते, धार काढून डेअरीला दूध घालते, भात-नाचणीच्या शेतात राबते, मुलांचे करते, संध्याकाळी पुन्हा धारेला बसते. याच वेळी सासूचा भ्रम वाढतो, ती दागिने चोरल्याचा आळ घेते, लुगडे खराब करते. नवरा मुंबईहून फोनवर विचारतो, ‘आईकडे लक्ष आहे ना?’ तिच्या सहनशक्तीवर गाव खूश असते. ती संपली की मात्र गाव तिला कैकेयी ठरविते. स्मृतिभ्रंशावरील २०१० च्या राष्ट्रीय अहवालाने या आजाराचा देशावरील वार्षिक भार सुमारे १४,७०० कोटी रुपये धरला होता, आणि त्यातील निम्म्याहून अधिक हिस्सा घरच्यांच्या बिनमोल श्रमांचा होता. राष्ट्रीय उत्पन्नाच्या गणनेत हे श्रम शून्य धरले जातात. नवऱ्याने पाठविलेल्या मनिऑर्डरीची नोंद पूर्वीपासून होत आली; तिच्या जागरणाची झाली नाही.

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या २०१३ च्या मराठी चित्रपटात हा पेच नेमका पकडला आहे. संस्कृतचे गाढे विद्वान असलेले, स्मृती गमावलेले आप्पा रस्त्यावरच्या हत्तीमागे चालत सुटतात आणि माहुताच्या कुटुंबात जाऊन पोचतात. ती भूमिका करणारे मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ. माहुताची गरीब बायको या म्हाताऱ्याला लेकराप्रमाणे जेवू घालते. ते काम करणाऱ्या अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पाहणाऱ्याला माहुताच्या बायकोचा लळा लागतो हे स्वाभाविक आहे. पण तिने त्यांना एक-दोन दिवस सांभाळले. मुलगी वर्षानुवर्षे सांभाळीत आली आहे. एक दिवसाची ममता आणि वर्षानुवर्षांची शुश्रूषा यांची तुलना करून मुलीला उणे ठरविणारा प्रेक्षक गावच्या चावडीवरही भेटतो.

या प्रश्नावर सरकारने आशा कार्यकर्ती आणि अंगणवाडी सेविका यांना कामाला लावावे, ही सूचना सहज पुढे येईल. ती निराधार नाही. केरळात अडीच तासांच्या प्रशिक्षणानंतर अंगणवाडी सेविकांनी गावातील ज्या वृद्धांवर बोट ठेवले, त्यांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश खरोखरच स्मृतिभ्रंशाचे रुग्ण निघाले. याच केरळ राज्याने २०१४ पासून ‘स्मृतिपथम्’ या नावाने वृद्धांच्या या आजारासाठी स्वतंत्र उपक्रम सुरू केला. परंतु रुग्ण शोधून देणे आणि पंधरवड्याला त्याच्या घरी तासभर बसणे यांत महदंतर आहे. आधीच तुटपुंज्या मानधनावर डझनावारी कामे ओढणाऱ्या या स्त्रियांच्या डोक्यावर हे तेरावे काम फुकट लादणे म्हणजे एका बाईचे बिनपगारी ओझे दुसऱ्या बाईच्या डोक्यावर ठेवणे होय.

त्याऐवजी स्वतंत्र माणसे नेमण्याचा खर्च किती येईल ते पाहावे. वीस हजार वस्तीच्या गावसमूहात वरील प्रमाणाने सुमारे दीडशे रुग्ण निघतील. डोंगरी वाड्यांची चाल धरून एक सल्लागार दिवसाला चार घरे करील, म्हणजे पंधरवड्यात चाळीस-बेचाळीस. असे चारजण पुरतात. प्रत्येकास महिना बारा हजार रुपये मानधन धरले तर वर्षाला पाच लाख शहात्तर हजार; दर कुटुंबामागे महिन्याला ३२० रुपये. श्रावणबाळ योजनेतील निवृत्तिवेतन २०२३ साली दरमहा दीड हजार झाले, त्याच्या चौथ्या हिश्श्याहूनही हा आकडा कमी आहे. बारावी झालेल्या आणि नोकरीसाठी मुंबईची गाडी पकडण्याच्या तयारीत असलेल्या चार तरुण-तरुणींना तालुक्यातच काम मिळेल हा वेगळा लाभ.

बालमृत्यू, क्षय, सर्पदंश यांना पैसा पुरत नसताना म्हाताऱ्यांच्या विसराळूपणावर तो का खर्चावा, हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला भावनेने उत्तर देण्याचे कारण नाही. म्हातारीपाशी अडकून पडलेली सून शेतावर जाऊ शकत नाही, थोरली नात शाळा बुडविते, मुंबईचा मुलगा रजा संपवून नोकरी गमावितो. हा खर्च आजही होतोच आहे. तो कोणाच्या खात्यावर पडतो एवढाच काय तो प्रश्न आहे. रोजगार हमीच्या १९७७ च्या कायद्याने महाराष्ट्राने देशाला असे दाखवून दिले होते की, गावात करण्याजोगे काम आणि काम मागणारे हात यांची गाठ सरकार घालू शकते. त्या वेळी काम म्हणजे पाझर तलाव, नालाबांध, रस्ता. माणसाची देखभाल हेही मोजता येण्याजोगे काम आहे, ही कल्पना मात्र तेव्हा कोणाला सुचली नव्हती, आणि आजही अंदाजपत्रकात तिला जागा मिळालेली नाही.

राज्याच्या निर्णयाची वाट न पाहता गावाच्या पातळीवर एका गोष्टीला हात घालता येण्याजोगा आहे. ग्रामपंचायतींनी आपल्या उत्पन्नातील दहा टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवावयाची असते. ती अनेकदा शिलाई यंत्रांवर आणि हळदीकुंकवाच्या सभांवर खर्ची पडते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची शुश्रूषा करणारी व्यक्ती बहुतेक घरांत स्त्रीच असल्यामुळे तिला मोकळीक देणे हे महिलाकल्याणच ठरते. गावच्या समाजमंदिरात आठवड्यातून दोन दुपारी, धारेची वेळ होण्यापूर्वी, या वृद्धांना एकत्र आणून बसवावे. एक जाणती बाई आणि एक निवृत्त शिक्षक तेथे मानधनावर असावेत. चहा, चार टाळ, निवडायला सुपात तांदूळ, भिंतीवर तिथीचे मोठे कॅलेंडर. तांदूळ नीट निवडले गेले नाहीत तरी चालेल. त्या दोन तासांत सुनेने कोठे जावे, झोपावे की शेतावर जावे, याची चौकशी मात्र कोणी करू नये.